शेजारणीचा सूर

ज्याला सूर नाही त्याने भजनात गावं का? आणि 'तू गाऊ नकोस' असं त्याला सांगायचा अधिकार भजन चालवणाऱ्याला आहे का? हा प्रश्न मला पोथी वाचताना पडलेला नाही. एका जिवंत माणसाने तोंडातून अक्षरही न काढता तो मला सहा आठवडे विचारला, आणि तो ऐकू यायला माझ्या कानांना तेवढा वेळ लागला.

आमचं गाव कृष्णाकाठचं, सातारा जिल्ह्यातलं. विठ्ठल मंदिराच्या सभामंडपात दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी चार ते सहा आमचं महिला भजनी मंडळ बसतं. बावीस जणी आहोत. चौदा वर्षं मी ते चालवते. पेटी मी वाजवते, चाली मी बसवते, हजेरी मी मांडते, पखवाजाची शाई गेली की तो कोणी आणि कुठे न्यायचा तेही मीच बघते. प्राथमिक शाळेत शिक्षिका होते, त्यामुळे सगळ्या मला बाई म्हणतात, वयाने मोठ्या असलेल्यासुद्धा. बोलावणं कशाचंही येतं. बारसं, वास्तुशांत, एकादशीचा जागर. आणि कुणाच्या घरचं माणूस गेलं की दिवस होईपर्यंत रोज संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर भजन. पैसे घेत नाही. नारळ आणि चहा, एवढंच.

आक्का मंडळात आल्या त्या अशाच एका भजनातून. त्यांचे यजमान गेले तेव्हा आम्ही बारा दिवस त्यांच्या घरी जात होतो. त्या आतल्या खोलीत दाराशी बसून ऐकायच्या. तेरावं झालं, आणि पुढच्या मंगळवारी पावणेचारला मी मंदिरात पोचले तर आक्का सभामंडप झाडून सतरंजी टाकत होत्या. कुणी 'या' म्हटलं नव्हतं आणि कुणी 'का आलात' असंही विचारलं नाही. आज त्यांचं वय सत्त्याहत्तर आहे. लिहिता-वाचता येत नाही. पण ज्ञानदेवांचा हरिपाठ पहिल्यापासून शेवटपर्यंत तोंडपाठ, शिवाय तुकोबा, नामदेव, जनाबाई यांचे किती अभंग पोटात आहेत ते त्यांनाही मोजता येणार नाही. मधेच चरण आठवेनासा झाला की बावीसच्या बावीस जणी वही सोडून आक्कांच्या तोंडाकडे बघतात.

आणि आक्कांना सूर नाही.

चार वर्षांपूर्वी, माघ संपत आला असताना, तालुक्याला भजनाची स्पर्धा होती. पंधरा मिनिटांत एक अभंग, एक गौळण आणि गजर. गुण सुराला, तालाला, उच्चाराला आणि एकूण सादरीकरणाला. सरावाच्या वेळी मी मोबाईलवर ध्वनिमुद्रण केलं आणि रात्री घरी ऐकलं. पेटी, पखवाज, टाळ, वरून एकवीस आवाज, आणि त्या सगळ्यांच्या खाली एक आवाज ओल्या घोंगडीसारखा जड पडलेला. दुसऱ्या दिवशी मी आक्कांना मंदिराच्या पायरीवर गाठलं आणि म्हणाले, "आक्का, स्पर्धेत तुम्ही टाळ वाजवा, ओठ तेवढे हलवा. आवाज काढू नका."

"बरं बाई," त्या म्हणाल्या.

आमचा दुसरा नंबर आला. ढाल मिळाली, ती अजून मंदिरातल्या कपाटात आहे. येताना वडापमध्ये सगळ्या फुगड्यांची गाणी म्हणत होत्या. आक्का खिडकीशी बसल्या होत्या, टाळांची पिशवी मांडीवर घेऊन. थकल्या असतील असं मला वाटलं.

इथे मला तुकोबांचं सांगायला हवं, कारण त्या स्पर्धेच्या आधीही मी त्यांचा तो अभंग कितीतरी वेळा गायले होते. देवाने गोड गळा दिला नसेल तर त्याची खंत करू नकोस, विठोबा गोड गळ्यासाठी अडून बसलेला नाही, जमेल तशा आवाजात नाव घे, असा त्याचा भाव आहे. समर्थांनीही दासबोधाच्या चौदाव्या दशकात हरिकथेविषयी लिहिताना गाणाऱ्याला बजावलं आहे की मन कलेतच गुंतून पडलं तर देव बाजूला राहतो. म्हणजे आमच्या परंपरेने या प्रश्नाचा निकाल केव्हाच लावून ठेवलेला आहे. सूर नसला तरी चालेल. मी तो अभंग शुद्ध सुरात गात होते आणि त्यात जे सांगितलं आहे त्याच्या नेमकं उलट वागत होते.

पण एवढ्यावर प्रश्न मिटत नाही, आणि मिटला असं मानणाऱ्यांशी माझा वाद आहे. देवाला सुराची गरज नाही, मग आम्ही आठवड्यातून दोनदा बसतो कशाला? 'सम चुकली, परत घ्या' म्हणून मी नव्या सुनांना ओरडते कशाला? भाव महत्त्वाचा असं म्हणून कसंही गाणारी मंडळं मी पाहिली आहेत. तिथे जो तो आपल्या भावाला धरून आपापल्या गतीने धावत असतो, पखवाजवाला एकीकडे, टाळ दुसरीकडे, आणि ज्याचा आवाज मोठा तो बाकीच्यांना फरपटत नेतो. त्याला मी भक्ती म्हणायला तयार नाही. एका मांडवात बसून पंचवीस माणसं एकेकटी गात असतात, एवढंच ते.

शिक्षिका असल्यामुळे शब्दाच्या मुळाशी जायची मला सवय आहे. भजन, भक्त, भक्ती हे शब्द संस्कृतातल्या भज् धातूपासून आले. त्या धातूचा अर्थ नुसता पूजा करणं एवढाच नाही. वाटून देणं, वाटून घेणं, आपला वाटा उचलणं हाही त्याचाच अर्थ. आपला 'भाग' आणि 'विभाग' त्याच मुळातले. मग भजन म्हणजे वाटून घेतलेलं गाणं, असं मी समजते. आणि वाटून घ्यायचं म्हटलं की देवाइतकीच शेजारीण महत्त्वाची होते. वारकरी भजनाची रचनाच बघा. टाळकरी दोन रांगा करून समोरासमोर उभे राहतात. तोंड एकमेकांकडे असतं. वीणेकरी मध्ये, मृदंग मध्ये. एक रांग चरण म्हणते, दुसरी उचलते. समोरच्याचं ऐकल्याशिवाय आपली पाळी कळणारच नाही, अशी ती मांडणी आहे. एकट्याने देवघरात नाव घेताना सूर असला काय, नसला काय, तुकोबांचं म्हणणं तिथे अक्षराअक्षराने खरं. पण चारचौघांत गाताना सूर द्यायचा असतो तो शेजारणीला. तिला आपला आधार घेता यावा, आपल्याला तिचा घेता यावा, म्हणून.

हे सगळं मला आज सुचतं आहे. तेव्हा सुचलं नव्हतं. तेव्हा मी एवढाच हिशेब केला की आक्का आपला वाटा नीट उचलत नाहीत, तर त्यांचा वाटा काढून घ्यावा. शेजारणीचा सूर मला मिळाला का, हे मी पाहिलं. माझा सूर तिला मिळतो का, हे पाहायचं राहून गेलं.

स्पर्धा झाली, सराव नेहमीसारखा सुरू झाला. चैत्रात हनुमान जयंतीला संपणारा अखंड हरिनाम सप्ताह आमच्याकडे होतो. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. एक पहारेकरी दुसऱ्याच्या गळ्यात घालतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात, आणि नाम तसंच पुढे चालू राहतं. वीणा घेणाऱ्याने गायक असायला हवं असं कुणी म्हणत नाही. उभं राहता यायला हवं आणि नाम सोडता कामा नये, बस. आमच्या गावात बायकांच्या गळ्यात वीणा उशिरा आली, आणि पहारा मिळाला तो दुपारी दोन ते चारचा, महाप्रसादानंतरचा. त्या वेळी पुरुष मांडवातच आडवे झालेले असतात.

त्या दुपारी मी छत्री विसरले म्हणून परत गेले. मांडवात ऊन झिरपत होतं. खांबाखांबाशी माणसं झोपली होती, पंख्याचा आवाज येत होता. पारायणाच्या चौरंगावरची ज्ञानेश्वरी वस्त्राने झाकलेली होती. मधोमध आक्का उभ्या होत्या. वीणा त्यांच्या उंचीला मोठी, भोपळा कमरेच्या खाली आलेला. उजव्या हाताचं एक बोट तारेवर, दर दोन श्वासांनी एकदा. पायातलं दुखणं मला माहीत होतं. त्या एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत होत्या, पण बोट चुकत नव्हतं. आणि त्या गात होत्या. रामकृष्ण हरी, रामकृष्ण हरी, पुटपुटण्याच्या थोडं वर.

तेव्हा मला दोन गोष्टी एकदम कळल्या. एक म्हणजे गेले सहा आठवडे, दर मंगळवारी आणि शुक्रवारी, मी त्यांचा आवाज ऐकलेला नव्हता. स्पर्धेपुरतं सांगितलेलं त्यांनी कायमचं धरलं होतं. आणि माझ्या ते लक्षात आलं नव्हतं, कारण कानाला बरं वाटत होतं. दुसरी म्हणजे त्यांचा आवाज घसरत नव्हता. अगदी काट्यावर होता असं मी म्हणणार नाही. पण वीणेच्या तारेजवळ राहून होता, लांब जात होता आणि परत येत होता. ती वीणा आमच्या वीणेकरी बुवांनी स्वतःच्या गळ्याला लावलेली, खालच्या पट्टीत.

चार वाजता वीणा पुढच्या पहारेकऱ्याकडे गेली. मी आक्कांना कट्ट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं.

"बाई, तुमचा सूर उंचावरचा," त्या म्हणाल्या. "माझी शिडी तिथवर पोचत न्हाई. मग मी खालीच हुडकत बसते."

"मग बोलला का नाही?"

"तुम्हीच म्हणला न्हवं, ओठ हलवा."

आमच्या मंडळाची पट्टी काळी पाच होती. ती कोणी ठरवली? मी ठरवली. माझा गळा त्या पट्टीत उजळतो. आणि चाली? त्याही मीच निवडलेल्या, रेकॉर्डवर ऐकलेल्या. भीमसेन जोशींची संतवाणी, खळ्यांच्या चालीवर लताबाईंनी गायलेले तुकोबांचे अभंग, यांनी आमच्या पिढीचे कान घडवले. त्या गाण्यांचं ऋण मी कधीच नाकारणार नाही. पण ती एकेका असामान्य गळ्यासाठी बांधलेली आहेत. अंतरा वर जातो तो त्या गळ्याला जाता येतं म्हणून जातो. वारकऱ्यांच्या जुन्या चाली पाच-सहा सुरांत फिरतात, कारण त्या शेतातून आलेल्या, उपाशीतापाशी, म्हाताऱ्या, घसा बसलेल्या माणसांनी चालता चालता गायच्या आहेत. मोठ्या अभंगाचा छंदही त्यांना सांभाळून घेतो. सहा-सहा अक्षरांचे तीन चरण आणि चौथा चार अक्षरांचा. तिथे म्हाताऱ्या माणसाला श्वास मिळतो. मी त्या श्वासाच्या जागी ताना भरल्या होत्या.

आमच्या जिल्ह्यातल्या आरफळचे हैबतबाबा. ज्ञानोबांच्या पालखी सोहळ्याला एकोणिसाव्या शतकात आजची शिस्त लावली ती त्यांनी. त्या सोहळ्यात मुक्कामाला समाज आरती होते. मी लोणंदच्या तळावर ती पाहिली आहे. सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, हजारो टाळ एकदम वाजत असतात. चोपदार दंड उंच करतो, 'हो' अशी आरोळी देतो, आणि क्षणात सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र थांबत नाही. ती टाळ वाजवतच राहते. चोपदार तिच्याकडे जातो, ऐकून घेतो, निवाडा होतो, मग ते टाळ थांबतात आणि पुढचं चालू होतं. जगात कुठे तक्रार ऐकण्याची याहून सुंदर रीत असेल असं मला वाटत नाही. कुणाला गप्प करायचं नाही, आणि गाऱ्हाणं गाण्याच्या साधनानेच मांडायचं.

आक्कांनी उलटं केलं होतं. टाळ सगळ्यांबरोबर वाजवले, सगळ्यांबरोबर थांबवले, आणि आवाज तेवढा काढून घेतला. असं गाऱ्हाणं ऐकायला चोपदाराचा कान दुप्पट लागतो. माझा तेवढाही नव्हता.

पंढरपूरला महाद्वाराशी नामदेवांच्या पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. ज्याचे अभंग आत गायले जात होते तो स्वतः बाहेर उभा होता. त्यांच्या लोकांना आत जाता यावं म्हणून साने गुरुजींनी 1947 साली उपोषण केलं. हे अन्यायाचं डोंगराएवढं उदाहरण, आणि माझी चूक त्यापुढे राईएवढी. दोन्ही एका तराजूत मी घालत नाही. पण दर खेपेला त्या पायरीशी डोकं टेकवताना मला आता हेही आठवतं की आक्कांच्या तोंडचे शब्द मी घेत होते आणि त्यांचं तोंड बंद ठेवत होते.

सप्ताह संपला त्यानंतरच्या शुक्रवारी मी पट्टी उतरवली. काळी पाचवरून थेट पांढरी चार. पहिली वीस मिनिटं पेटी बंद ठेवायची असंही ठरवलं. पेटीचा आवाज मोठा असतो; तो सगळ्यांच्या चुका झाकतो आणि त्यामुळे कुणी कुणाचं ऐकत नाही. त्याऐवजी मोबाईलवरचा तानपुरा लावायचा, दोन रांगा समोरासमोर करायच्या, आणि 'रामकृष्ण हरी' अगदी हळू म्हणायचं, समोरचीचा आवाज आपल्या आवाजातून ऐकू येईल इतकं हळू. पहिल्या दिवशी काही जणींना रडू आलं. का, ते त्यांनाही सांगता आलं नाही. कोणाचा तरी आवाज त्यांनी वर्षानुवर्षं शेजारी बसून कधी ऐकलाच नव्हता.

ते सगळ्यांना पटलं असं नाही. तरुण सुनांपैकी दोघींचे गळे खरोखर चांगले आहेत. त्यांना खालच्या पट्टीत गुदमरल्यासारखं होतं, आणि तसं त्यांनी स्पष्ट सांगितलं. त्यांचं म्हणणं खोटं नाही. आक्कांना न्याय देताना मी त्यांचा वाटा कमी केला. म्हणून जागराच्या रात्री, उत्तररात्री, एक-दोन अभंग त्या दोघी वरच्या पट्टीत एकट्या गातात, आम्ही बाकीच्या धृपद तेवढं धरतो. पूर्ण तोड निघाली आहे असं मी म्हणणार नाही. बावीस गळ्यांना एकच पट्टी सोयीची कधीच होणार नाही. कोणाची गैरसोय करायची हे दर वेळी ठरवावं लागतं, आणि माझ्या मते ती आधी चालवणाऱ्याची व्हावी. मला पांढरी चारमध्ये गाताना खालचे सूर पोकळ लागतात. मी तशीच गाते.

आक्का पूर्ण सुरात आल्या का? नाही. अभंग त्या आता बराचसा धरतात. गौळणीचा अंतरा आला की अजून घसरतात, आणि आपण घसरलो हे त्यांना कळतं, मग त्या आवाज बारीक करून समोरच्या काकूंचा सूर ऐकतात आणि पुन्हा चढतात. हे ऐकणं मला सुरापेक्षा मोलाचं वाटतं. बेसूर माणूस आणि न ऐकणारा माणूस यांत मी पूर्वी फरक करत नव्हते. आता करते. पहिल्यासाठी मंडळात जागा आहे, कितीही घसरला तरी. दुसऱ्याला मी दर शुक्रवारी टोकते, मग त्याचा गळा कितीही गोड असो.

गेल्या वर्षी आम्ही पुन्हा स्पर्धेला गेलो. बावीसच्या बावीस. नंबर आला नाही. परीक्षकांनी कागदावर लिहिलं होतं की पट्टी आणखी वर घेतल्यास भजन खुलेल. ते त्यांच्या जागी बरोबर होते. त्याच महिन्यात वरच्या आळीत एक तरुण मुलगा अपघातात गेला. आम्ही बारा संध्याकाळी त्या ओसरीवर बसलो. त्याची आई आतून दाराशी येऊन बसायची, जिथे कोणे एके काळी आपल्या घरी आक्का बसल्या होत्या. नवव्या दिवशी ती आमच्याबरोबर म्हणू लागली. रडून रडून तिचा आवाज बसलेला होता, फार खाली होता. आमची पट्टी तिला पोचली.

ज्यांच्या हाती भजनी मंडळ आहे, दिंडी आहे, चर्चमधला गायकवृंद आहे, शाळेतली प्रार्थना आहे, त्यांच्याकडे माझं एकच मागणं आहे. पट्टी ठरवताना सर्वांत खालच्या गळ्याला एकदा विचारा. आणि कुणालाही, कोणत्याही बक्षिसासाठी, नुसते ओठ हलवायला सांगू नका.